नावाड्याचं आवतण

मुख्तार मास्तरांनी लोकरीचे दोन जाडजूड कोट बाल्कनीतल्या दोरीवर उन्हाला घातले आणि तिथेच त्यांचं चुकलं. इजिप्तमधल्या आमच्या मन्सूरा शहरात मे महिन्यात माणसं अंगावरचे कपडे कमी करायच्या मागे असतात. अशा दिवसांत ज्याच्या बाल्कनीत लोकरीचा कोट दिसतो, तो एक तर वेडा झालेला असतो, नाहीतर परदेशी निघालेला असतो. मास्तर वेडे झालेले नाहीत याची गल्लीला खात्री होती, कारण अर्ध्या गल्लीला भूगोल त्यांनीच शिकवला होता.

खरं तर ही गोष्ट गुपित राहायची होती. इनायतबाईंनी नवऱ्याला तशी सक्त ताकीदच दिली होती.

"व्हिसा हातात पडेपर्यंत भिंतीलासुद्धा सांगायचं नाही, हालाचे बाबा. नजर लागते. माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं कतारच्या नोकरीचं पत्र यायच्या आधी गावभर बसबूसा, रव्याची ती मिठाई, वाटला. नोकरी गेली. लोक अजून भेटले की सांगतात, बसबूसा छान होता."

मास्तरांनी ताकीद पाळली होती. तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. पण हाला, त्यांची कुवेतला दिलेली मुलगी, फोनवर म्हणाली होती की बुडापेस्टला संध्याकाळी गारठा असतो. आणि कोटांना डांबरगोळ्यांचा वास येत होता. परदेशात डांबरगोळ्यांच्या वासानं देशाची अब्रू जाते, असं मास्तरांचं मत पडलं. म्हणून कोट उन्हात.

शेजारच्या बाल्कनीत मदाम सुहेर टोपलीला दोरी बांधून खाली भाजीवाल्याकडे सोडत होत्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे कामातून गेलेले, नजर मात्र शाबूत. त्यांनी टोपली अधांतरी थांबवली. खाली भाजीवाला काकड्या हातात घेऊन वर बघत राहिला.

"मास्तर, हे कोट कुणाचे?"

"आमचेच."

"मे महिन्यात?"

"कसर लागू नये म्हणून जरा..."

"कसर लागू नये म्हणून कपाटात ठेवतात. बाल्कनीत घालतात ते विमानात बसायचं असलं की. कुठे निघालात?"

मास्तरांना खोटं बोलता येत नसे. प्रयत्न केला की त्यांचे कान लाल होत, आणि त्यांचे कान मोठे असल्यामुळे ते लांबूनही दिसत.

"बुडापेस्ट," ते म्हणाले. "आठवडाभर. डॅन्यूब बघायला."

आता इथे आमच्याकडच्या एका रीतीबद्दल सांगणं भाग आहे. नाईलच्या मध्यावर नाव उभी करून भाकरी खात बसलेला नावाडी काठावरच्या माणसाला ओरडून सांगतो, "या जेवायला!" काठावरचा पोहत येणार नाही हे नावाड्याला ठाऊक असतं. नावाड्याकडे दीडच भाकरी आहे हे काठावरच्याला ठाऊक असतं. दोघांचंही समाधान होतं आणि भाकरी शाबूत राहते. याला नावाड्याचं आवतण म्हणतात. आमचा सगळा शेजारधर्म याच आवतणावर उभा आहे. पहिल्यांदा बोलवायचं ते सवयीनं, दुसऱ्यांदा बोलवायचं ते संस्कारानं. आणि तिसऱ्यांदा "वल्ला" अशी शपथ घालून बोलावलं, तर मात्र ते खरं. शहाणा माणूस दुसऱ्यावर थांबतो.

मास्तर शहाणे होतेच. पण वर्गात प्रत्येक गोष्ट तीनदा सांगायची तीस वर्षांची सवय होती त्यांना.

"चला ना तुम्हीही," ते म्हणाले.

"छे हो, मी कुठली येतेय! माझे गुडघे!"

"गुडघ्यांचं काय एवढं? तिथे दारापर्यंत ट्राम आहे. चला."

"नको, नको. तुम्ही नवरा-बायको, मध्ये मी कशाला?"

झालं होतं. रीत पाळली गेली होती, भाकरी शाबूत होती. टोपली खाली जायला लागलीही होती. पण मास्तरांच्या तोंडाला ती लय ठाऊक होती आणि लय पुरी झालेली नव्हती.

"वल्ला, मदाम सुहेर, तुमच्याशिवाय काय मजा!"

टोपली पुन्हा थांबली.

"एवढी शपथ घालताय, तर येते," मदाम सुहेर म्हणाल्या. "माझा पुतण्या आहे तिथे, दातांचा डॉक्टर व्हायला गेलाय. त्याला फसीख मासळी नेईन." आणि त्यांनी टोपली भाजीवाल्यापर्यंत सोडली.

मास्तर आत आले. इनायतबाई स्वयंपाकघरात भात भरण्यासाठी दुधीसारख्या कोवळ्या कोसा कोरत बसल्या होत्या. बाल्कनीचं दार उघडं होतं, त्यामुळे मास्तरांना काही सांगावं लागलं नाही. कोरणी थांबलेली होती.

"हालाचे बाबा," त्या म्हणाल्या, "आपलं लग्न झालं तेव्हा आपण चार दिवस रास-अल-बारच्या समुद्रावर गेलो होतो. आठवतं?"

"आठवतं ना!"

"कोण कोण गेलो होतो?"

त्या सहलीला त्यांची आई होती. दोन बिनलग्नाच्या बहिणी होत्या. एकीला समुद्राच्या वाऱ्यानं शिंका येत, म्हणून इनायतबाई चारही दिवस खोलीत तिच्याजवळ बसून होत्या. त्यानंतर कुठे जायचं ठरलं की कुणाचा तरी आजारी काका नाहीतर परीक्षेला बसलेला पुतण्या बरोबर असेच. आणि दर वेळी त्याला मास्तरांनीच बोलावलेलं असे.

"या खेपेला दोघंच," इनायतबाई म्हणाल्या. "मला त्या नदीचं काही कौतुक नाही. नदी आपल्या गावातही आहे. मला फक्त एकदा तुमच्याबरोबर कुठेतरी बसायचंय, आणि मध्ये कुणी नको. मदाम सुहेरना सांगून या."

मास्तर सांगून यायला निघाले. पण बंद दारासमोर पाच मिनिटं उभं राहून त्यांच्या लक्षात आलं, की स्वतःच्या शपथेतून बाहेर कसं पडतात हे त्यांना माहीत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात. मास्तरांच्या घरी ती बहीण कायमची माहेरपणाला आलेली होती.

सल्ल्यासाठी ते खाली हाजी मितवल्लींच्या दुकानात गेले. हाजींचं नळ, टाक्या आणि कमोडचं दुकान. दुकानात खुर्ची नव्हती. येणाऱ्यानं झाकण लावलेल्या कमोडवर बसायचं, असा शिरस्ता. मास्तर एका पिस्ता रंगाच्या कमोडवर बसले आणि सगळी हकीकत सांगितली.

"नाही म्हणायला काय लागतं?" हाजी म्हणाले. "मी दिवसाकाठी शंभरदा म्हणतो. कर्ज मागायला आला, नाही. सूट मागायला आला, नाही. म्हणा बघू."

"नाही," मास्तर म्हणाले.

"पोटातून म्हणा."

"नाही!"

"अस्सं! आता वर जा आणि हेच म्हणा."

मास्तरांना इतका धीर आला, की डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. तेवढ्यात चहा आला. चहाबरोबर हाजींचा सुस्कारा आला. "तुम्ही भाग्यवान, मास्तर. युरोपात काय एकेक नळ असतील! आमचं आयुष्य इथेच गंजलं."

एवढ्या मोलाचा सल्ला फुकट देणाऱ्या माणसाला कोरडं सोडून उठणं मास्तरांच्या जिवावर आलं. "चला ना तुम्हीही," ते म्हणाले. पहिल्यांदाच. अगदी सवयीनं.

"कधी निघायचं?" हाजींनी विचारलं. ते पडले धंद्याचे माणूस. पहिल्या बोलीला सौदा पटला, तर दुसरी बोली होईपर्यंत थांबत नसत. त्यांच्याबरोबर त्यांची बायको करीमा ओघानंच आली.

तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियर रिफअतला तर मास्तरांनी बोलावलंदेखील नाही, हे त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवलं पाहिजे. रिफअतनं त्यांना जिन्यात गाठलं.

"आमचं काही चुकलं का, मास्तर?"

"का रे?"

"तळमजला चाललाय. पहिला मजला पूर्ण चाललाय. तिसऱ्या मजल्यावर काय काफर राहतात?"

यावर "चल" याशिवाय दुसरं काय बोलता येतं, हे ज्याला माहीत असेल त्यानं मास्तरांना हसावं. रिफअत, त्याची बायको शाहिनाझ आणि शाहिनाझची आई; या सासूबाई फार कमी बोलत आणि सगळं ऐकत. दुसरा मजला रिकामा होता म्हणून बरं. एकूण आठ माणसं झाली. इनायतबाईंनी नवऱ्याशी बोलणं मिठापुरतं ठेवलं. "मीठ द्या" आणि "मीठ घ्या".

रोज संध्याकाळी मास्तरांच्या दिवाणखान्यात तयारीची बैठक भरू लागली. प्रत्येकाला युरोपची माहिती होती, फक्त तिथे कुणी गेलेलं नव्हतं.

सगळ्यात मोठा प्रश्न हाजींनी मांडला. "तिथल्या संडासात पाण्याची नळी नसते."

शाहिनाझनं हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं.

"मग?" करीमाबाईंनी विचारलं.

"कागद."

सासूबाईंनी त्या महिन्यातला पहिला शब्द उच्चारला. तो शब्द "अस्तगफिरुल्ला" होता. एवढे मोठे कारखाने उभे करणारे लोक पाण्याच्या साध्या नळीपाशी कसे अडले, यावर बराच वेळ चर्चा झाली. रिफअतचं म्हणणं पडलं, की थंडीमुळे. मास्तरांनी हवामानाचा दाखला देऊन ते खोडून काढायचा प्रयत्न केला. पण हाजींनी पिशवीतून एक लवचीक नळी काढली आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. हॉटेलात पोचल्याबरोबर ही नळी बेसिनच्या खाली जोडायची, निघताना काढून घ्यायची. प्रात्यक्षिक मास्तरांच्या न्हाणीघरात झालं. जुना नळ फिरवताच मुळापासून हातात आला आणि पाणी पॅसेजमधून, उंबऱ्यावरून, जिन्यानं उतरत थेट हाजींच्याच दुकानात शिरलं. हाजी पिस्ता कमोडवर पाय वर घेऊन बसले आणि म्हणाले, "दाब चांगला आहे."

विजेची बाजू रिफअतकडे होती. त्यानं भिंतीतल्या प्लगच्या भोकांसाठी लागणारे पिशवीभर जोड आणून माणशी तीन असे वाटले. दुसऱ्या दिवशी मदाम सुहेरच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं, की तिथली भोकं आपल्यासारखीच असतात, जोड लागतच नाहीत.

"असू द्या," रिफअत म्हणाला. "काही सांगता येत नाही. सरकार बदललं तर?"

त्याच पुतण्यानं ट्रामची गोष्ट सांगितली. तिकीट नुसतं घेऊन भागत नाही. चढल्यावर ते एका यंत्रात घालून त्याला भोक पाडून घ्यावं लागतं. न पाडलं तर तपासनीस खाली उतरवतो आणि चारचौघांत दंड करतो. दंडाचं कुणाला विशेष वाटलं नाही. पण चारचौघांत! रिफअतनं तालीम घ्यायचं ठरवलं. मास्तरांच्या खुर्च्या दोन-दोन करून मांडल्या, मदाम सुहेरनी पोस्टातून निवृत्तीची आठवण म्हणून आणलेलं कागदाला भोक पाडायचं यंत्र दाराशी ठेवलं, आणि जुन्या वर्तमानपत्राची तिकिटं कापली. रिफअत स्वतः तपासनीस झाला.

पहिल्या फेरीत सगळ्यांनी चढता चढता भोकं पाडली. मास्तरही पाडणारच होते. पण यंत्रापाशी सासूबाई आल्या, म्हणून ते बाजूला झाले. मग मदाम सुहेर. मग सासूबाईंना बसायला जागा हवी होती, ती करून दिली. तेवढ्यात ट्राम सुटली.

"तिकीट," रिफअत म्हणाला.

"अरे, मी पाडतच होतो..."

"सगळे असंच म्हणतात. उतरा खाली."

दुसऱ्या फेरीत हेच झालं. तिसऱ्या फेरीतही. हा रिफअत आठवीत असताना त्यानं नकाशात डॅन्यूब दक्षिण अमेरिकेत दाखवली होती आणि मास्तरांनी त्याला नापास केलं होतं. आता तो त्यांना त्यांच्याच दिवाणखान्यातून, त्यांच्याच खुर्चीवरून उठवून पॅसेजमध्ये उभं करत होता.

"मास्तर, मनापासून सांगतो," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "तुम्ही तिथे पायीच चाला."

पॅसेजमध्ये मास्तर एकटेच उभे होते. स्वयंपाकघराच्या दारातून इनायतबाई बघत होत्या. त्या हसल्या असत्या, तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

पुढचा अडथळा शिक्क्याचा. व्हिसासाठी मास्तर खरोखरच निवृत्त शिक्षक आहेत असा दाखला पाहिजे होता, आणि आमच्याकडे दाखल्यावर सरकारी गरुडाचा शिक्का नसेल तर तो दाखला म्हणजे वाण्याच्या पुडीचा कागद. कचेरीतल्या बाईंनी दाखला एका दमात लिहून दिला आणि हात जोडले.

"गरुड फुआदसाहेबांकडे असतो."

"आणि फुआदसाहेब?"

"उम्र्याला गेलेत. मक्केला."

"गरुड?"

"कपाटात. किल्ली त्यांच्या खिशात."

मास्तर चार वेळा गेले. चौथ्या वेळी फुआदसाहेब आलेले होते, गरुडही बाहेर आला होता. पण शाईची उशी वाळली होती. मास्तरांनी स्वतः बाजारातून शाई आणली. परत आले तेव्हा बाहेर रांग लागली होती. कुणाची मुलगी परीक्षेला बसणार होती, कुणाची बस सुटणार होती. मास्तर म्हणाले, "आधी तुम्ही." त्यांनी आणलेल्या शाईवर बाकी सगळ्यांचे शिक्के झाले, आणि शेवटी त्यांच्या दाखल्यावर जो गरुड उमटला, तो बराचसा कोंबडीसारखा दिसत होता.

तरीही कागद पुरे झाले. वेळ ठरली. मायक्रोबस करून आठही जण कैरोला व्हिसाच्या केंद्रावर गेले. सगळ्यात आधी मास्तरांचा नंबर होता, कारण वेळ सगळ्यात आधी त्यांनी घेतली होती. काच पुढे होती, काचेमागे मुलगी बसली होती, मास्तरांच्या हातात कागदांची जाड फाईल होती. नुसतं पुढे व्हायचं होतं.

"मास्तर," शाहिनाझ कानाशी म्हणाली, "आईला फार वेळ उभं राहवत नाही हो."

"अरे, मग आधी त्या!"

सासूबाईंबरोबर शाहिनाझ गेली, शाहिनाझबरोबर रिफअत गेला. मग मदाम सुहेर गुडघ्यावर हात ठेवून नुसत्या मास्तरांकडे बघत राहिल्या. मग हाजी म्हणाले, "दुकान बंद ठेवून आलोय." करीमाबाईंनी काही कारण सांगितलं नाही; त्या नवऱ्याच्या मागोमाग गेल्या. इनायतबाई भिंतीजवळ बसून होत्या. त्यांनी एकदाच मान वर करून "हालाचे बाबा" एवढंच म्हटलं, पण तेव्हा मास्तर एका अनोळखी गृहस्थाला दार उघडून देत होते.

मास्तर काचेपाशी पोचले तेव्हा मुलगी पाटी उलटी करत होती.

"तुमची वेळ सकाळची होती."

"होय. मी सकाळपासून इथेच आहे."

"मग कुठे होतात?"

"दारात. लोकांना आत सोडत होतो."

मुलीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही इथले कर्मचारी आहात का?"

मास्तरांचे कान लाल झाले. खोटं न बोलता ते लाल होण्याची ही पहिलीच वेळ. पुढची वेळ महिन्यानंतरची मिळाली. विमानाची तारीख त्याच्या बरीच आधी होती.

परतीच्या मायक्रोबसमध्ये सगळे हळहळले. मदाम सुहेर म्हणाल्या, "तुमच्याशिवाय आम्ही पाऊल टाकणार नाही!" हाजींनी त्याला दुजोरा दिला. रिफअत म्हणाला, "सगळं रद्द!"

"असं कसं? तुम्ही जा," मास्तर रीतीप्रमाणे म्हणाले.

"बरं. तुमची इच्छाच असेल तर," तिघंही एकदमच म्हणाले आणि बस बेन्हाच्या पुढे गेली तेव्हा बर्फात कोणते बूट घालायचे यावर बोलणं चाललं होतं. जूनमध्ये तिथे बर्फ नसतो, हे सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

ते गेले. मास्तरांनी सामान खाली आणायला मदत केली. इमारत रिकामी झाली. जिन्यात पावलं वाजेनात, कुणी दार वाजवेना. मास्तरांना वाटलं, इनायतबाई आता रागावतील, आणि ते वाट बघत बसले. पण त्या रागावल्या नाहीत. चहाचा पेला त्यांच्यापुढे ठेवून शांतपणे म्हणाल्या,

"मी तुमच्यावर चिडले नाहीये. मला फक्त एक कोडं सुटत नाही. तुम्हाला जगात कुणाला नाही म्हणता येत नाही. भाजीवाल्याला येत नाही, भिकाऱ्याला येत नाही, ज्याला तुम्ही नापास केलं त्याला येत नाही. चौतीस वर्षांत फक्त एकाच माणसाला तुम्ही न चुकता नाही म्हणत आलात."

"कुणाला?"

"मला."

मास्तरांनी चहा प्यायला नाही. त्या सगळ्या काकांना, पुतण्यांना, बहिणींना "या" म्हणताना आपण बायकोला "नको" म्हणत होतो, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. फार वाईट वाटलं त्यांना.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर पुतण्यासकट सात डोकी होती आणि मागे नदी.

"मास्तर!" रिफअत ओरडला. "इथे एक पैज लागलीय. ही डॅन्यूब कुठून कुठे वाहते?"

"बुडापेस्टमध्ये उत्तरेकडून दक्षिणेकडे," मास्तर म्हणाले.

"बघा! मी म्हणत होतो!" हाजी रिफअतला म्हणाले आणि फोन बंद झाला.

महिना झाला. मास्तर आणि इनायतबाई कैरोला गेले. या खेपेला मास्तरांनी दरवाज्याकडे पाठ करून, फाईल पोटाशी धरून, भिंतीकडे बघत रांग धरली. मागून एक म्हातारा खोकला. मास्तरांच्या मानेची शीर ताठ झाली, पण ते हलले नाहीत. व्हिसा मिळाले. दोघांनी गावात कुणाला सांगितलं नाही. पण कुरियरवाल्यानं पाकीट चुकून तळमजल्यावर दिलं.

त्याच संध्याकाळी सगळी मंडळी मास्तरांच्या दिवाणखान्यात जमली. परत आल्यापासून प्रवासवर्णन रोज चालूच होतं, पण त्या दिवशी ते नव्या दमानं सुरू झालं. मदाम सुहेरची फसीख, म्हणजे महिनोन् महिने मिठात मुरवलेली ती मासळी, विमानतळावरच्या फिरत्या पट्ट्यावर फुटली होती आणि सगळा युरोप चार पावलं मागे सरला होता. हाजींची नळी हॉटेलवाल्यांनी जप्त केली होती. रिफअतला ट्राममध्ये दंड झाला होता; बाकीच्यांनी भोकं बरोबर पाडली आहेत की नाही, हे तपासण्याच्या नादात त्याचं स्वतःचं राहून गेलं. हे सगळं आठवून ते पोटभर हसले, आणि मग हाजींनी पाकीट मास्तरांच्या हातात दिलं.

"आता तुम्ही चुकायचं कारण नाही," हाजी म्हणाले. "आम्हाला सगळं ठाऊक झालंय. आमचा व्हिसाही अजून शिल्लक आहे. तुम्ही फक्त म्हणा."

दिवाणखाना मास्तरांकडे बघू लागला. स्वयंपाकघरात कॉफीचं भांडं चुलीवर होतं. इनायतबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आता काय होणार हे ज्याला पाठ झालंय, त्याचा चेहरा तसा असतो.

मास्तरांनी घसा खाकरला. "नको," ते म्हणाले.

"बघा, बघा!" करीमाबाई कौतुकानं म्हणाल्या. "आपल्याला त्रास नको म्हणून कसा जीव तुटतो त्यांचा!"

"त्रास कसला, मास्तर?" मदाम सुहेर म्हणाल्या. "वल्ला, आम्ही आनंदानं येऊ."

"नको," मास्तर पुन्हा म्हणाले.

"माझे मास्तर आहेत," रिफअत सगळ्यांना म्हणाला, "यांना मी ओळखतो. भीड! तुम्ही नाही म्हणायचं नि आम्ही ऐकायचं, असं होत नसतं. मी तिकिटांचं बघतो."

बोलावणं तीनदा केलं की खरं होतं, हे ते जन्मभर जाणत होते. नकारालाही तेच लागतं, हे त्यांना आज कळत होतं. आणि तिसऱ्या नकाराला कारण द्यावं लागतं. त्यांनी कारण शोधलं. गुडघे, दुकान, सासूबाईंचं वय, एकेक मनात आलं आणि प्रत्येकाला समोर उत्तर तयार बसलं होतं. शेवटी खरं तेवढंच उरलं.

"नाही!" ते म्हणाले. आवाज वर्गातला निघाला. "मला तुम्ही कुणीच नको आहात. मला माझ्या बायकोबरोबर एकट्यानं जायचंय."

हाजींच्या हातातली जपमाळ थांबली. साठी उलटलेला माणूस चारचौघांत, सहा पाहुण्यांसमोर असं बोलतो? मदाम सुहेरनी डोक्यावरच्या रुमालाशी काहीतरी चाळा केला. रिफअत छताकडे बघू लागला. मास्तरांचे कान इतके लाल झाले, की करीमाबाईंना वाटलं, त्यांना ताप चढला.

आणि मग कोपऱ्यातून सासूबाईंनी तोंडावर आडवा हात धरून, जीभ हलवून, नवरी मांडवात आली की बायका काढतात तशी लांबलचक किलकारी काढली. एक संपली तशी दुसरी काढली. करीमाबाईंनी त्यांना साथ दिली. मदाम सुहेरनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "माझे यजमान हे शब्द बोलले असते, तर मी त्यांना आणखी वीस वर्षं जगवलं असतं."

आत कॉफी उतू गेली. इनायतबाई दारातून नाहीशा झाल्या होत्या. बराच वेळ आतून फक्त भांड्यांचा आवाज येत राहिला. मास्तर जमिनीकडे बघत बसले. आपण शेजारधर्माची माती केली, एवढंच त्यांना दिसत होतं.

मग त्या तबक घेऊन आल्या. तबकात आठ कप होते. आमच्याकडे कॉफी आधी वडीलधाऱ्या पाहुण्याला, मग बाकीच्या पाहुण्यांना, आणि उरली तर घरधन्याला. यात बदल झालेला मन्सूऱ्यात कुणी पाहिलेला नव्हता, आणि इनायतबाईंकडून तर नाहीच. त्या सासूबाईंच्या पुढून गेल्या. हाजींच्या पुढून गेल्या. हाजींचा हात पुढे झाला होता, तो त्यांनी मागे घेतला. त्या मदाम सुहेरच्या पुढून गेल्या आणि सगळ्या दिवाणखान्यादेखत पहिला कप त्यांनी नवऱ्याच्या पुढे ठेवला.